उंदराच्या पायातला रक्तप्रवाह मोजताना या चुका टाळा

औषधाने पायाचा रक्तप्रवाह सुधारतो का हे तपासायला उंदराच्या मांडीतली फीमोरल धमनी बांधायची आणि पुढचे तीन-चार आठवडे पंजात रक्त किती परत येतं ते लेझर डॉप्लरवर (कातडीतला रक्तप्रवाह लेझरने मोजणाऱ्या यंत्रावर) बघायचं. ऐकायला सोपं. माझ्या पहिल्या तुकडीत मात्र औषध न दिलेलेच उंदीर लवकर सुधारताना दिसले. आठवडाभर मी डोस तपासत बसले. दोष निघाला गरम पॅडचा. सकाळी पॅड तापायच्या आत औषधाच्या गटाची मोजणी उरकायची, कारण पिंजरे त्याच क्रमाने लावलेले होते; थंड पायात प्रवाह कमी दिसायचा.

म्हणून शरीराचं तापमान ३७ अंशांवर स्थिर झाल्याशिवाय मोजू नका, आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. बांधलेल्या पायाच्या प्रवाहाचं दुसऱ्या, निरोगी पायाशी गुणोत्तर काढलं की सगळं भागतं, असंही नाही. थंडीत निरोगी पायाच्या रक्तवाहिन्या आकसतात. भाजक लहान झाला की गुणोत्तर उगाच फुगतं. आयसोफ्लुरेन या भुलेच्या औषधाने रक्तवाहिन्या पसरतात, म्हणून भुलेचं प्रमाण आणि थांबण्याची वेळ दर वेळी तीच ठेवा. केस काढायची क्रीम लावून लगेच मोजलं, तर लाल झालेली कातडीच मोजली जाते.

लेझरला दिसतो तो वरवरचा थर. पोटरीच्या स्नायूत काय घडलं हे त्याच्या कापांत सीडी३१ (रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरचं प्रथिन) रंगवून कळतं. तिथे केशिका क्षेत्रफळामागे मोजू नका, स्नायूतंतूमागे मोजा. तंतू सुकले की केशिका जवळ येतात आणि वाढल्यासारख्या भासतात.

उंदराचा वाणही बघा. सी५७बीएल/६ मध्ये जोडधमन्या (मुख्य धमनी बंद झाली की रक्ताला वळसा देणाऱ्या वाटा) जन्मतःच भरपूर, त्यामुळे तो आपोआप सावरतो आणि औषधाला करून दाखवायला फारसं उरतच नाही. बाल्ब/सी मध्ये त्या कमी. बोटं काळी पडून गळूही शकतात. दोन्ही एका प्रयोगात मिसळू नका.

शस्त्रक्रियेत धमनीलगतचा मज्जातंतू (नर्व्ह) दुखावला, तर उंदीर लंगडतो आणि खापर रक्तप्रवाहावर फुटतं. टाके घातल्यावर लगेच एकदा मोजा. प्रवाह किती उतरला नाही तर उंदीर वगळायचा, हा आकडा आधीच लिहून ठेवा.

वेदनाशामक कधीच टाळू नका. पण जोडधमन्यांची वाढ दाहावर पोसली जाते, म्हणून दाह दाबणाऱ्या गोळ्यांऐवजी ब्युप्रेनॉर्फिनचा (अफूवर्गीय वेदनाशामकाचा) विचार पशुवैद्यांशी बोलून करा, आणि दोन्ही गटांना तेच द्या. पंजा रोज उचलून बघा. काळेपणा बोटांवरून वर चढू लागला, तर त्या उंदराचा प्रयोग तिथेच थांबवा.