धुकं, उसाची ट्रॉली आणि शेगडी
डिसेंबर-जानेवारीत निपाणी, चिकोडी, खानापूर भागात पहाटे धुकं उतरतं, आणि नेमका तोच ऊसतोडीचा भर. खरा घात करते ती रस्त्याकडेला बंद पडलेली ट्रॉली. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. बाहेर आलेली उसाची टोकं अगदी काचेजवळ आल्यावरच दिसतात. तवंदी घाटात, चोर्ल्याच्या वळणांवर लाइट डिमवरच ठेवा. अप्पर मारला की उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावू नका, तुम्ही वळणार कुठे ते मागच्याला कळत नाही. घाई नसेल तर सरळ ऊन पडल्यावर निघा. बेळगाव कुठे पळून जात नाही.

घरात शेगडी पेटवून दारं-खिडक्या लावून झोपू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपेतच माणूस जातो. रात्री शेगडी अंगणात ठेवा. गॅस गिझरचंही तेच: बादली भरा, गिझर बंद करा, मग आंघोळ. डोकं जड झालं, मळमळलं तर आधी सगळे मोकळ्या हवेत या, मग 112 ला फोन लावा.