वाइन कूलर घ्यायला जाताना रिकामी बाटली न्या
जुना वाइन कूलर, म्हणजे बाटली बर्फात गार ठेवायचं भांडं, देखणा असतो, पण घरी आणल्यावर बाटली घट्ट बसते आणि बर्फाला जागाच उरत नाही. म्हणून ७५० मिलीची रिकामी बाटली सोबत न्यावी. शॅम्पेनची असेल तर उत्तम, ती अंगाने जाड असते.

१. बाटली आत ठेवा. चहूबाजूंनी दोन-तीन बोटं जागा हवी.
२. पाणी भरून कोऱ्या कागदावर पंधरा मिनिटं ठेवा. कागद ओला झाला तर सांधा गळतोय.
३. तळाचा शिक्का वाचा. ९२५ म्हणजे स्टर्लिंग, म्हणजे ९२.५ टक्के चांदी, ईपीएनएस म्हणजे चांदीचा मुलामा. मुलामा वाईट नसतो, फक्त भाव चांदीचा देऊ नका.

क्रिस्टलची जुनी सुरई घेतलीत तर तिच्यात बहुधा शिसं असतं. ते वाइनमध्ये उतरतं, म्हणून वाढण्यापुरती वापरा, वाइन रात्रभर ठेवू नका.