दोरूच्या खोऱ्यात वाइन चाखायला जाताना : तयारीची यादी

परतीची गाडी आधी ठरवा. पासपोर्ट, व्हिसा, विमा, युरो हे तुम्ही करालच, त्याच्या याद्या कुठेही मिळतात. पण पोर्तुगालमध्ये दोरू नदीच्या खोऱ्यात, डोंगरावरच्या एखाद्या किंतावर पाच-सहा वाइन चाखून झाल्यावर खाली गावात कसं यायचं, हे कुठल्याच यादीत नसतं आणि दिवस नेमका तिथेच बिघडतो. किंता म्हणजे मळा, घर आणि वाइन बनवायची जागा एकत्र असलेली मोठी वाडी. सगळे ज्या गावात उतरतात ते पिन्यांव हे खेडं आहे. टॅक्स्या मोजक्या, ॲपवर गाडी मिळाली तर नशीब आणि डोंगराच्या घड्यांमध्ये मोबाइलची रेंज येते-जाते. म्हणून जो टॅक्सीवाला वर सोडेल त्याच्याकडूनच परतीची वेळ पक्की करून घ्या आणि त्याचा नंबर कागदावर लिहून घ्या. कागदावरच. रेंज शोधता शोधता फोनची बॅटरी संपते, मग किंताच्या ऑफिसमधल्या फोनवरून लावायला नंबर कुठून आणणार?

स्वतः गाडी चालवायचा विचार असेल तर आधी हिशेब करा. पोर्तुगालमध्ये मर्यादा लिटरभर रक्तात ०.५ ग्रॅम अल्कोहोलची आहे, लायसन्सला तीन वर्षं झाली नसतील तर ०.२. पाच वाइन, प्रत्येकी ४० मिली, म्हणजे २०० मिली. १४ टक्क्यांनी २८ मिली निव्वळ अल्कोहोल, वजनात साधारण २२ ग्रॅम. एवढं पोटात गेलं तर ७० किलोचा पुरुष मर्यादेच्या अगदी काठावर येतो, ५५ किलोची बाई सरळ ओलांडते. आणि ओतणारे नेहमी ४० मिलीवर थांबत नाहीत. रेग्वा या गावापासून पिन्यांवपर्यंतचा एन २२२ रस्ता नदीला लागूनच जातो, तिथून किंताकडे चढणारे रस्ते अरुंद, वळणांचे आणि बऱ्याच ठिकाणी कठड्याशिवाय. चौघं जात असाल तर एकाने अजिबात चाखायचं नाही, किंवा गाडी पोर्तो शहरातच ठेवायची. ‘थोडंसंच घेईन’ हा पर्याय यादीत नाही.

ट्रेन उत्तम. पोर्तोच्या साव बेंतो किंवा कांपान्या स्टेशनवरून दोरू लाइन पिन्यांवपर्यंत साधारण अडीच तासांत नेते, काही गाड्या रेग्वाला बदलाव्या लागतात. जाताना उजवीकडे बसा, नदी त्या बाजूला आहे. रेग्वाच्या पुढे दिवसाला गाड्या थोड्याच. शेवटची गाडी किती वाजता सुटते ते आदल्या दिवशी बघा, शनिवार-रविवारचं वेळापत्रक वेगळं असू शकतं, आणि रेल्वेच्या संपाची बातमी आहे का तेही त्याच रात्री बघा. पिन्यांव स्टेशनवरून किंता दो बोंफिं आणि किंता दा रोएदा पायी गाठता येतात, पूल ओलांडला की किंता दास कार्व्हाल्यास. ज्यांना टॅक्सीची कटकट नको त्यांनी सरळ यांतलं एखादं निवडावं. किंता दो क्रास्तोसारखं उंचावरचं ठिकाण हवं असेल तर जरूर जा, तिथून दिसणारी नदी विसरता येत नाही, पण परतीची गाडी ठरली असेल तरच.

बुकिंग. नाशिकला शनिवारी दुपारी गेलो आणि टेस्टिंग रूममध्ये शिरलो, ही सवय इथे चालत नाही. किंताच्या वेबसाइटवरून तारीख आणि वेळ घ्यावी लागते, हंगामात काही आठवडे आधी. सकाळची दहा-अकराची वेळ मागा: जीभ ताजी असते, ऊन कमी असतं आणि नदीतून बोटीने येणारे मोठे ग्रुप अजून आलेले नसतात. दिवसाला दोनच किंता, तिसऱ्या ठिकाणी काही कळत नाही.

मेलमध्ये एक वाक्य न चुकता लिहा: आम्हाला दोरू डीओसीच्या (म्हणजे या खोऱ्याचं अधिकृत नाव लावलेल्या टेबल वाइनपैकी) ड्राय, म्हणजे गोड नसलेल्या, रेड आणि व्हाइट चाखायच्या आहेत, पोर्ट नाही, किंवा शेवटी एकच पोर्ट. हे लिहिलं नाही तर अनेक ठिकाणी साध्या बुकिंगमध्ये पोर्टच समोर येते, आणि त्यात त्यांची चूक नाही. या खोऱ्याची हद्द १७५६ मध्ये पोर्तुगालचा तेव्हाचा मंत्री मार्केस द पोंबाल याच्या काळात आखली गेली तीच पोर्टसाठी. इथली टेबल वाइन जगात मोजली जाऊ लागली ती फार उशिरा. फेरेरा कंपनीच्या फेर्नांदो निकोलाव द आल्मेइदा यांनी केलेली बार्का व्हेल्या ही गाजलेली रेड पहिल्यांदा १९५२ सालची. फरक साधा आहे. पोर्टमध्ये आंबवण अर्ध्यावर असताना ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट घालून यीस्ट मारतात, म्हणून साखर उरते आणि अल्कोहोल १९ ते २२ टक्के होतं. टेबल वाइनमध्ये साखर संपेपर्यंत आंबू देतात, अल्कोहोल साधारण १३ ते १४.५. गोव्यात पोर्ट वाइन म्हणून मिळणारी गोड लाल बाटली डोक्यात ठेवून जाल तर पहिल्याच घोटाला तोंड वाकडं होईल.

महिना कोणता? मे-जून किंवा ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पिन्यांवला पारा चाळिशी ओलांडतो. सप्टेंबरात द्राक्षांची तोडणी असते: लगार म्हणजे ग्रॅनाइटच्या उथळ हौदात माणसं पायांनी द्राक्षं तुडवताना दिसू शकतात, पण तुम्हाला वेळ द्यायला कोणी मोकळं नसतं. आणि हो, तोडणीच्या दिवसांत टॅक्सी बोलावून द्यायलाही कोणी मोकळं नसतं.

खाणं. उपाशीपोटी टॅनिन (द्राक्षाच्या सालीतलं तुरट द्रव्य) हिरड्यांना चावतं आणि अल्कोहोल लवकर चढतं. निघताना ब्रेड, चीज, अंडी असं काहीतरी जड खा. शाकाहारी असाल तर जेवणाचं बुकिंग करतानाच सांगा आणि सविस्तर सांगा: मांस नाही, मासे नाहीत, चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) नाही. हिरव्या पालेभाजीचं काल्दो व्हेर्द हे सूप निरागस दिसतं, पण त्यावर चोरीसाची चकती तरंगत असते, तोच चोरीस जो गोव्यात येऊन तिखट झाला. टेबलावर न मागता आलेले ऑलिव्ह आणि ब्रेड फुकट नसतात, नको असतील तर हात लावू नका. कट्टर शाकाहारी मंडळींनी आणखी एक विचारावं: वाइन निवळायला अंड्याचा पांढरा बलक, जिलेटिन किंवा माशापासून केलेला पदार्थ वापरला आहे का. गाइडला माहीत नसेल तर वाइनमेकरला विचारून सांगतात.

सकाळी अत्तर, परफ्यूम, वासाचं तेल काही नको. मुखवास, सुपारी, वेलची खिशातच राहू द्या. तासभर आधी कॉफी आणि टूथपेस्टही नको, पेपरमिंटनंतर व्हाइट वाइन लिंबाच्या सालीसारखी लागते. गडद रंगाचा शर्ट घाला. बूट बंद आणि पकड असलेले: इथली जमीन शिस्ट दगडाची, त्याच्या पातळ धारदार कपच्या पायाखाली सरकतात आणि उतार छातीवर येतात. चप्पल घालून मळ्यात उतरणाऱ्याला गाइड वरच थांबवतो. टोपी, माणशी एक लिटर पाणी, तळघरासाठी पातळ जॅकेट. पोहोचल्यावर रिसेप्शनवर पहिलं वाक्य: आमची गाडी अमुक वाजता येणार आहे. मग फेरी लांबली तर तेच घड्याळ बघतात.

मळ्यात फोटो काढून झाले की चार प्रश्न विचारा, नाहीतर सगळे ग्रुप ऐकतात तेच पाठ केलेलं भाषण ऐकावं लागेल. हा तुकडा किती उंचीवर आहे? कुठल्या दिशेला तोंड? वेल किती जुने? द्राक्षं पायांनी तुडवलीत की रस स्टीलच्या टाकीत केलाय? उंचीचा प्रश्न व्हाइटसाठी महत्त्वाचा. राबिगातो, व्हिओझिन्यो, गोव्हेयो ही द्राक्षं वरच्या थंड पट्ट्यात आपला आंबटपणा टिकवतात, नदीकाठच्या भट्टीत तो जळून जातो. जुन्या वेलांचे तुकडे मुद्दाम बघा: एकाच ओळीत वीस-वीस जाती मिसळून लावलेल्या असतात, एकत्रच तोडतात आणि एकत्रच आंबवतात. कुठली कुठली द्राक्षं आहेत हे कधीकधी मालकालाही नीट सांगता येत नाही, आणि अशा बाटल्या बहुधा सगळ्यांत चांगल्या निघतात.

टेबलावर बसल्या बसल्या, चाखलेली वाइन थुंकायचं भांडं मागा. लाजू नका, वाइनचा धंदा करणारे सगळे थुंकतात. बारीक धार नेमकी पाडायची सवय घरी बेसिनमध्ये पाण्याने करून जा. क्रम असा: व्हाइट, रोझे (गुलाबी), कोवळी रेड, रिझर्व्हा (निवडक, वरच्या दर्जाची), जुन्या वेलांची रेड, आणि पोर्ट घ्यायचीच असेल तर सगळ्यात शेवटी. पोर्टच्या साखरेनंतर कुठलीही ड्राय रेड आंबट-कडूच लागते, मग वाइनला नावं ठेवू नका. रेड १६ ते १८ अंशांवर हवी. उन्हाळ्यात ती खोलीच्या उष्म्याने २५ ला गेलेली असेल तर नाकात नुसतं स्पिरिट जातं. बाटली दहा मिनिटं बर्फात ठेवा असं सांगा, त्यात उद्धटपणा काही नाही. तोरिगा नासिओनाल या द्राक्षाच्या वाइनमध्ये जांभळ्या फुलांचा वास शोधा. तोरिगा फ्रांका या द्राक्षाकडून वाइनला अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा येतो. तिंता रोरिझ म्हणजे स्पेनमधलं टेंप्रानियोच. प्रत्येक वाइनपुढे दोनच गोष्टी लिहा, दहापैकी गुण आणि घ्यायची की नाही. लांबलचक वर्णनं संध्याकाळी तुमची तुम्हालाच वाचवत नाहीत. चौथ्या ग्लासला घड्याळ बघा. गाडी.

खरेदी. भारतात माणशी २ लिटर ड्यूटीशिवाय. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, तिसरी घेतली की सव्वादोन, ड्यूटी लागली. फार तर ३७५ ची एक छोटी जोडा. बाहेर सहज न मिळणारी घ्या, पोर्तोच्या सुपरमार्केटात दिसते ती नको. भरलेली बाटली सव्वा ते दीड किलोची, तेवढी जागा बॅगेत सोडा. चेक-इन बॅग, कपड्यांच्या मधोमध, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. केबिनमध्ये बहुतेक विमानतळांवर १०० मिलीच्या वर नेऊ देत नाहीत. बिल जपा.

परत निघताना टॅक्सीला फोन, मग स्टेशन, मग झोप. घरी आल्यावर बाटली माळ्यावर किंवा ओट्याखाली नको, मे महिन्यात खराब होईल. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा, रेड असेल तर प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा.