मुशिपान बसका होतोय? या चुका टाळा

जपानी भाषेत ‘मुशी’ म्हणजे वाफवलेला आणि ‘पान’ म्हणजे पाव. हा ‘पान’ शब्द त्यांच्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, आपला ‘पाव’ही त्याच घरचा. तरी आपल्याकडे मुशिपान बहुतेकांचा पहिल्या खेपेला बिघडतो. माझ्या मते त्याचं मोठं कारण म्हणजे आपण त्याला इडलीसारखं वागवतो.

पीठ कालवायचं आणि झाकून ठेवायचं, ही सवय आपल्या अंगात मुरलेली. मुशिपानाचं पीठ आंबवत नाहीत. तो फुगतो बेकिंग पावडरवर, आणि ओल लागताच ती कामाला लागते. मी पहिल्यांदा पीठ कालवून मग पाणी तापत ठेवलं; वाफ धरेपर्यंत निम्मे बुडबुडे विरले होते. म्हणून आधी मोदकपात्रातलं पाणी खळखळ उकळू द्या, वाट्यांत कागदी कप बसवा, आणि मगच ओलं-कोरडं एकत्र करा. कालवणंही बेताचं. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. जास्त घोटलं की गहू चिवट होतो आणि पाव रबरासारखा लागतो.

दुसरी चूक पौष्टिकपणाच्या हौसेपोटी होते. जपानमध्ये यासाठी कमी प्रथिनांचं, हलकं गव्हाचं पीठ वापरतात. त्याच्या जागी सगळी कणीक घातली तर पाव जड होणारच. मी ५० ग्रॅम कणीक आणि ५० ग्रॅम मैदा घेते. त्याला १ छोटा चमचा बेकिंग पावडर, १ मोठा चमचा तेल आणि साधारण १२० मिली बिनसाखरेचं सोया दूध. कणीक पाणी जास्त पिते, म्हणून दूध थोडं हाताशी ठेवा. अंड्याच्या बदल्यात कुस्करलेलं केळं भरपूर घालू नका, आतून गिच्च राहतो. अंडं नुसतं वगळलं तरी चालतं.

गोडीला गूळ उत्तम. जपानच्या ओकिनावा बेटांवरची काळी साखर, ‘कोकुतो’, हीसुद्धा उसाचा रस आटवूनच करतात. पण गूळ पाण्यात विरघळवून, गाळून, पूर्ण गार करून घ्या. गरम पाकाने सोया दूध फाटू शकतं आणि बेकिंग पावडरही वेळेआधीच फसफसते. आणि ती संपली म्हणून नुसता खायचा सोडा घालू नका: पाव पिवळट पडतो, साबणासारखी चव येते.

वरचा भाग चिकट, खड्डे पडलेला? झाकणावरचं पाणी ठिबकलं. झाकणाला सुती फडकं बांधा, टोकं वर गाठ मारून, म्हणजे आचेला लागणार नाहीत. कप पाऊण भरा. मोठ्या आचेवर १२ ते १५ मिनिटं, पहिली १० मिनिटं झाकण उघडायचं नाही. झाल्यावर लगेच बाहेर काढा. माथा तडकला तर घाबरू नका, जोरदार वाफेने तो फुलासारखा उमलतो.

रताळी घरात असतील तर जपानच्या नागोया शहराकडचा ‘ओनिमान्जू’, म्हणजे रताळ्याच्या फोडींचा वाफवलेला गोड पदार्थ, करा. त्यात मुळात अंडं-दूध नसतंच. रताळ्याच्या सेंटिमीटरभर फोडींना साखर चोळून ठेवा, पाणी सुटलं की त्यातच पीठ मिसळा. इथे घाईघाईने वरून पाणी ओतलं की त्याचा लगदा होतो. आधी अर्धा तास वाट बघा, मग लागलंच तर चमचाभर.