वर मॅक, खाली विंडोज, कपाटावर लिनक्स: घरातली कॉम्प्युटरं एकमेकांशी कशी जोडली

आमचं साताऱ्यात घरगुती डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, कधीमधी स्मरणिका. खालच्या खोलीत माझा विंडोजचा डेस्कटॉप, कारण माझं कोरल-ड्रॉ आणि जुने मराठी फॉन्ट तिथे आहेत. वर नणंदेच्या मुलाचं मॅकबुक, तो डिझाइन करतो. आणि अण्णांचा, म्हणजे सासऱ्यांचा, दहा वर्षांचा लॅपटॉप, ज्यावर विंडोज रांगायला लागल्यावर मी लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं. या तिघांमधली वाहतूक पेनड्राइव्हने व्हायची. लगीनसराईत मी दिवसाला पंधरा वेळा जिना चढले आणि मग ठरवलं, आता वायर ओढायची.

पहिलं काम कॉम्प्युटरला हात न लावता करायचं: फायली कोणाच्या घरी राहणार ते ठरवा. प्रत्येकाने आपापलं फोल्डर शेअर करायचं म्हटलं की तीन ठिकाणी तीन पासवर्ड होतात आणि ‘अंतिम’ नावाच्या चार फायली तयार होतात. आम्ही अण्णांच्या लॅपटॉपला यजमान केलं, बाकी दोघं पाहुणे. त्याचा स्क्रीन अर्धा गेलाय, पण या कामाला स्क्रीन लागतोय कुठे? पॉवर सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर झोपायचं नाही एवढं सांगितलं आणि तो वरच्या मजल्यावरच्या कपाटावर चढला.

आता माझे दोन दिवस जिथे गेले ते. फायबरचा डबा खाली आहे, वर सिग्नल पोचेना म्हणून मी दुसरा राउटर घेतला होता. इंटरनेट दोन्हीकडे झकास. पण खालून वरचा लॅपटॉप दिसेचना. शेवटी तिघांचे आयपी पत्ते, म्हणजे राउटर प्रत्येक यंत्राला देतो ते आकडे, कागदावर लिहून काढले. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग टाइप करायचं, मॅकवर वाय-फायच्या तपशिलात बघायचं, मिंटवर नेटवर्कच्या चिन्हावर. खालचा पत्ता निघाला १९२.१६८.१.७, वरचे दोघे १९२.१६८.०.१०१ आणि १०२. तो तिसरा आकडा बघा. दोन राउटर, दोघेही पत्ते वाटतायत, म्हणजे एका घरात दोन चुली! वरून खाली जाता येतं, खालून वर नाही.

उपाय सोपा निघाला. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ मोड असेल तर तो निवडा. नसेल तर त्याला १९२.१६८.१.२ असा, दुसऱ्या कोणाचा नसलेला पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटणं, बंद करा आणि खालून आलेली वायर ‘वॅन’च्या भोकातून काढून ‘लॅन’च्या भोकात घाला. सगळे एका चुलीवर येतात. शिवाय कोणी ‘गेस्ट’ वाय-फायवर नाही ना तेही बघा. तिथली यंत्रं सहसा एकमेकांना दिसत नाहीत.

मग यजमानाचा पत्ता कायमचा करायचा. मुख्य राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन असतं, तिथे लॅपटॉपला १९२.१६८.१.५० देऊन टाकला. तो वायरने जोडलाय, त्यामुळे निवांत. ‘नेटवर्क’वर क्लिक करून नाव दिसायची वाट बघत बसू नका, नाव कधी दिसतं, कधी नाही. पत्ता चुकत नाही.

फायली शेअर करायची, तिन्ही प्रकारच्या यंत्रांना कळणारी भाषा म्हणजे एसएमबी. लिनक्सवर ती सांबा नावाचं सॉफ्टवेअर बोलतं. १९९२च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेलने ते सुरू केलं, आणि एस, एम, बी ही अक्षरं असलेले शब्द शोधता शोधता हे नाव सापडलं. आपल्याकडे शोधलं असतं तर सांबार निघालं असतं.

मिंटवर फोल्डरवर उजवी क्लिक करून शेअरिंगचा पर्याय घेतला की ते स्वतःच सांबा बसवू का विचारतं. होकार द्या, लॉग-आउट होऊन परत या, लिहिण्याची परवानगी द्या, पण ‘गेस्ट’वर टिक नको. नव्या विंडोज ११च्या बऱ्याच आवृत्त्या बिनपासवर्डच्या शेअरला दारातही उभं करत नाहीत. मग टर्मिनलमध्ये एकच आज्ञा: सुडो, जागा, एसएमबीपासडब्ल्यूडी (सगळं जोडून), जागा, वजा-चिन्ह लावून ए, जागा, तुमच्या खात्याचं नाव. सांबाचा पासवर्ड वेगळा असतो, मिंटमध्ये शिरायचा तो त्याला माहीत नसतो. माझा अर्धा तास इथे गेला.

विंडोजवर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे यजमानाचा पत्ता, इंग्रजी आकड्यांत. तो नाव-पासवर्ड विचारेल. इथे विंडोजचा पिन टाकाल तर फसाल; ‘दुसरं खातं’ निवडून मिंटचं नाव आणि सांबाचा पासवर्ड द्या, लक्षात ठेवायला सांगा. चुकीचा पासवर्ड लक्षात राहिला असेल तर विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांच्या यादीतून, पुसा. मग मॅप नेटवर्क ड्राइव्ह करून झेड अक्षर दिलं, म्हणजे ते फोल्डर माझ्याकडे झेड ड्राइव्ह म्हणून दिसतं. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून एसएमबी, कोलन, दोन सरळ तिरक्या रेघा आणि तोच पत्ता. पाच मिनिटांचं काम.

जुन्या व्हिडिओंमध्ये ‘एसएमबी १ चालू करा’ सांगतात, ते करू नका. २०१७च्या मे महिन्यात फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला तो याच वाटेने. आणि कपाटावरचा लॅपटॉप म्हणजे बॅकअप नव्हे. दर रविवारी मी वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी घेते.

राहिली नावांची भानगड. मिंटवर फायलीच्या नावात कोलन चालतो, विंडोजला चालत नाही. ‘पत्रिका: अंतिम’ची माझ्याकडे मधे नागमोडी रेघ असलेली काहीतरी अगम्य अक्षरं झाली. त्याहून मजा पुढे. आम्ही गावानुसार फोल्डर ठेवतो, आणि एके दिवशी झेडमध्ये ‘कऱ्हाड’ नावाचे दोन फोल्डर! दोन सारख्या नावांचे फोल्डर एका जागी राहूच कसे शकतात? तर भाच्याच्या कीबोर्डवर ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आहे, आणि माझा कीबोर्ड साध्या ‘र’ला हलन्त देऊन मागे एक न दिसणारं चिन्ह ठेवतो. डोळ्यांना एकच, यंत्राला दोन. एका पत्रिकेची दुरुस्ती त्याच्या कऱ्हाडात झाली, छापायला गेली माझ्या कऱ्हाडातली. आता गावांचे फोल्डर फक्त मी तयार करते, खालून. वऱ्हाडाकडचं काम आलं की भाचा वरून हाक मारतो, “मामी, फोल्डर टाक गं.”