थंडीत आखडलेले सांधे मोकळे कसे करावेत

समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावात आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात पौषातील पहाट चांगलीच गार असते. गारठ्याने स्नायू आखडतात, हालचाल कमी होते, आणि आधीच झिजलेले गुडघे अधिक दुखू लागतात. मात्र थंडीमुळेच संधिवात जडतो, ही समजूत बरोबर नाही.

जाग येताच झटकन उठू नये. पांघरुणातच घोटे वरखाली करावेत, गुडघे आठ-दहा वेळा सावकाश दुमडून सरळ करावेत, मुठींची उघडझाप करावी. मग कुशीवर वळून उठावे.

त्यानंतर टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीने १५ ते २० मिनिटे शेक घ्यावा किंवा बंबातल्या पाण्याने अंघोळ करावी. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी शेगडीशी पाय शेकणे टाळावे, कारण चटका बसला तरी तो त्यांना कळत नाही. तेल लावून हलके चोळल्यास बरे वाटते. हाडांच्या टोकांवरची झिजलेली कूर्चा, म्हणजे गादीसारखे आवरण, त्याने भरून येत नाही, मग ते कितीही महागडे असो.

खरा उपयोग व्यायामाचा, आणि नेमका तोच बहुतेक जण टाळतात. शेकाची ऊब असतानाच पाय सरळ पसरून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलाची गुंडाळी ठेवावी, गुडघ्याने ती पाच सेकंद खाली दाबून धरावी व सोडावी. प्रत्येक पायाने दहा वेळा असे केल्याने मांडीचा पुढचा स्नायू बळकट होतो आणि चालताना गुडघ्याला आधार मिळतो. ऊन वर आल्यावर सपाट रस्त्याने जमेल तेवढे चालावे. शेतात उकिडवे बसून करायची कामे सलग न करता मध्ये उठावे. भाकरी थापायला जमिनीवर न बसता ओट्यापाशी उभे राहावे.

वेदनाशामक गोळ्या दुकानातून मनाने आणून रोज घेऊ नयेत, कारण त्यांतील अनेक गोळ्यांमुळे जठराला व मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. सकाळचा ताठरपणा रोज अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल, तर डॉक्टरांना लवकर दाखवावे. सांधा लाल, गरम होऊन सुजला किंवा सोबत ताप आला, तर शेक न देता त्याच दिवशी दाखवावे. निपाणीकडची मंडळी कधी बेळगावात, तर कधी कोल्हापुरात उपचार घेतात. अशा वेळी आधीच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात, म्हणजे एकाच प्रकारची गोळी दोन नावांनी पोटात जाणार नाही.