अँझॅक डेचं मराठी पान कसं लावावं

मी अमळनेरला बसून भाचीच्या मेलबर्नमधल्या मंडळाच्या मराठी अंकाची पानं लावतो. २५ एप्रिलचं, म्हणजे अँझॅक डेचं पान करताना (अँझॅक म्हणजे पहिल्या महायुद्धातली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची फौज) आधी मथळ्यातलं 'हार्दिक शुभेच्छा' उडवा. तिकडे तो सण नव्हे, पहाटे उभं राहून युद्धात गेलेल्यांना आठवायचा दिवस. झेंडूची चौकटही नको. रोझमेरीची डहाळी छापा, लोक तीच छातीशी लावतात.

मग आपला वाचक त्या दिवसात कुठे बसतो ते शोधा. १९१५ साली तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला अँझॅक सैनिकांसोबत हिंदी पहाडी तोफखानाही उतरला. तोफा सुट्या करून खेचरांवर लादत. हे सगळ्यात वर घ्या. पण त्यांना मराठे करू नका, बहुतेक शीख आणि पंजाबी मुसलमान होते. (ही खोड आपल्याकडे फार.) मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकात), कूतच्या वेढ्यात होत्या, २९ एप्रिल १९१६ ला तिथली ब्रिटिश-हिंदी फौज तुर्कांना शरण गेली. त्याची वेगळी चौकट करा.

खाली वेळ, जागा आणि पोरांसाठी एक ओळ: बिगुल थांबला की गप्प उभं राहायचं.

कुणी तरी 'कारगिल पण घाला ना भाऊ' म्हणेलच. त्याला जुलैचा अंक आहे.